पेडल पुढे, ब्रेक मागे

शेवरोलेची १९८८ ते १९९८ या काळातली सी/के मालिकेतली पिकअप अमेरिकेच्या गावाखेड्यांत आजही सर्रास दिसते. चौकोनी नाक, लांब हौदा, बहुधा आठ सिलिंडरचं इंजिन, आणि बिघडलंच तर अंगणात उभी करून दुरुस्त करता येईल इतकी साधी रचना. अशी जुनी पिकअप लोक हौसेने सांभाळतात. तिच्यामागे कोणी घोड्यांचा ट्रेलर लावतो, कोणी छोटा ट्रॅक्टर लादलेला सपाट ट्रेलर, कोणी चाकांवरचं घर. ओढायचं काम इंजिन बिनतक्रार करतं. पण गाडीचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास आणि भरलेला ट्रेलर ६००० पौंडांचा, म्हणजे पावणेतीन टनांचा. ओढणाऱ्यापेक्षा ओढला जाणारा जड. उतारावर ब्रेक दाबला की कोण कोणाला नेतंय, ते लगेच कळतं.

साखर कारखान्यांच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावरून येताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथे ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. सगळी भिस्त ट्रॅक्टरवर. अमेरिकेत मात्र ठरावीक वजनाच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत असा कायदा आहे. ही मर्यादा राज्याराज्यांत बदलते. बऱ्याच ठिकाणी ती ३००० पौंडांची आहे. कॅलिफोर्नियात राहण्याच्या ट्रेलरसाठी निम्मीच, १५०० पौंड.

ट्रेलरला ब्रेक असले तरी ते दाबायचे कसे? ड्रायव्हरचा पाय पुढच्या गाडीत, चाकं मागच्या. ट्रकच्या ब्रेकची तेलाची नळी मागे न्यावी, तर ट्रेलर जोडताना आणि सोडताना दर वेळी ती उघडावी लागेल आणि आत हवा शिरेल. युरोपात यावर यांत्रिक तोड काढली: ट्रकने वेग कमी केला की मागून ट्रेलर हुकावर रेटतो, त्या रेट्यावरच त्याचे ब्रेक लागतात. अमेरिकेत बोटींच्या ट्रेलरवर याच तत्त्वाचे तेलाचे ब्रेक असतात, कारण ते ट्रेलर पाण्यात उतरवावे लागतात आणि पाणी व वीज यांचं जमत नाही. बाकी बहुतेक मध्यम वजनाच्या ट्रेलरवर विजेचे ब्रेक असतात.

या विजेच्या ब्रेकमागे विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावचा आर्थर वॉर्नर नावाचा खटपट्या माणूस आहे. मोटारींचे वेगमापक बनवून त्याने पैसा केला, १९०९ साली कर्टिस कंपनीचं विमान विकत घेऊन स्वतःच उडवलं, आणि पुढे ट्रेलरच्या ब्रेकांच्या मागे लागला. १९२७ मध्ये सुरू झालेली त्याची वॉर्नर इलेक्ट्रिक ब्रेक कंपनी याच कामासाठी होती. त्याची मूळ युक्ती आजही जवळपास तशीच वापरात आहे, आणि ती खरोखर देखणी आहे.

ट्रेलरच्या चाकाचा ड्रम उघडला की आत नेहमीसारखे दोन अर्धगोल ब्रेकशू दिसतात. त्यांच्या मध्ये, ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला टेकून, साबणाच्या वडीएवढा विद्युतचुंबक एका लोखंडी दांड्याच्या टोकाला बसवलेला असतो. वीज नसते तेव्हा फिरता ड्रम त्याला नुसता चाटून जातो. वीज आली की चुंबक ड्रमला चिकटू पाहतो; ड्रम फिरत असल्याने तो त्याला आपल्यासोबत ओढून नेतो; दांडा वळतो आणि दांड्याचं दुसरं टोक शू बाहेर ढकलतं. म्हणजे ब्रेक दाबायची ताकद वीज पुरवत नाही, ती फिरत्या चाकातूनच येते. विजेने फक्त चाकाला पकडायचं. म्हणूनच दहा-बारा इंची ड्रमच्या एका चुंबकाला साधारण ३ अँपिअर करंट पुरतो. दोन अॅक्सल, चार चाकं, १२ अँपिअर. मोटारीच्या दोन हेडलाइट मिळून जवळपास एवढा करंट घेतात, आणि इथे तेवढ्यात पावणेतीन टन थांबतात.

हा करंट किती आणि केव्हा सोडायचा, हे ठरवणारा डबा म्हणजे ब्रेक कंट्रोलर. डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागणार नाही असा, पण हाताला सापडेल असा तो बसवतात. जुन्या काळी केल्सी-हेज कंपनीच्या कंट्रोलरमध्ये ट्रकच्या ब्रेकच्या तेलाचीच एक बारीक नळी आणलेली असे: तेलाचा दाब वाढला की आतला रिओस्टॅट सरके आणि मागे जास्त करंट जाई. पायाच्या जोरानुसार ट्रेलर थांबे, यापेक्षा नैसर्गिक काय असणार? पण ट्रकमध्ये एबीएस आलं आणि ब्रेकच्या तेलाच्या नळीत असा फाटा काढणं निषिद्ध ठरलं. १९८८ च्या शेवरोलेतच मागच्या चाकांसाठी एबीएस होतं; आणि गंमत म्हणजे ते बनवणारी कंपनी केल्सी-हेजच.

आता दोन प्रकार उरले. एकात ब्रेक लाइट लागला की कंट्रोलर ठरलेल्या चढत्या क्रमाने करंट वाढवत नेतो. पाय हलका की जोरात, त्याला पत्ता नसतो. दुसऱ्या प्रकारात आत लंबक किंवा त्वरणमापक असतो. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते ओळखून त्या प्रमाणात तो करंट सोडतो. टेकोन्शा कंपनीचे व्हॉएजर आणि प्रॉडिजी हे या जातीचे. पहिला प्रकार स्वस्त आहे, पण सिग्नलजवळ हळूच पाय ठेवला तरी ट्रेलर आपलं चढतं गणित पुरं करत मागून हिसके देतो. माझं स्पष्ट मत: जुन्या गाडीला तर दुसराच घ्यावा. गाडीचे स्वतःचे ब्रेक म्हातारे झालेले असतात, त्यात मागच्याचं तंत्र वेगळं नको. फक्त हा डबा गाडीच्या दिशेला समांतर बसवावा लागतो, आणि लंबकवाल्याला पातळीत आणूनच वापरावा लागतो. नाहीतर चढ-उतार त्याला वेग बदलल्यासारखे वाटतात.

फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून दिला. त्याआधीच्याही अनेक गाड्यांत डॅशखाली तयार प्लग असे. बाजारातून जोडवायर आणायची आणि खटकन बसवायची. पण साधी, ओढण्याची जादा साधनं न घेतलेली जुनी पिकअप असेल तर डॅशखाली काही नसतं. चार वायरी आपल्यालाच ओढाव्या लागतात: काळी, पांढरी, लाल, निळी.

काळीचं काम सोपं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट कंट्रोलरपर्यंत, मध्ये बॅटरीजवळच एक सर्किट ब्रेकर. दोन ते चार ब्रेकला २० अँपिअरचा, सहा-आठला ३० चा. इथे फ्यूज का लावत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. क्षणभर कुठे वायर टेकली आणि फ्यूज उडाला, तर पुढच्या वळणावर ट्रेलरला ब्रेकच नाहीत. आपोआप पूर्ववत होणारा ब्रेकर थंड झाला की पुन्हा जोडला जातो. जुन्या फ्यूज बॉक्समध्ये रिकामी जागा दिसली म्हणून काळी वायर तिथे खोचायचा मोह होतो, तो टाळावा. त्या फ्यूजमागची मूळ वायर किती जाडीची आहे ते डॅश उघडल्याशिवाय कळत नाही, आणि ती सहसा बारीकच निघते. काळी आणि निळी दोन्ही फायरवॉलमधून पलीकडे न्याव्या लागतात. तिथे कारखान्याने ठेवलेलं एखादं रबरी बूच शोधून त्यातूनच न्याव्यात. उघड्या पत्र्याच्या कडेवर वायरचं इन्शुलेशन दोन हिवाळ्यांत कापलं जातं.

पांढरी म्हणजे अर्थ. आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त हेळसांड हिचीच होते. डॅशखाली एखादा स्क्रू दिसतो, त्याला पांढरी वायर अडकवली की काम झालं असं वाटतं. नव्या गाडीत ते एखादवेळ चालून जाईल. तीस वर्षांच्या पिकअपमध्ये तो स्क्रू कुठल्या पत्र्यात आहे, तो पत्रा बॉडीला कसा जोडलाय, बॉडी आणि चेसिसमधली पट्टी गंजून तुटली तर नाही, हे कोण सांगणार? उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथल्या गाड्यांच्या बुडाचा तर भरवसाच नाही. म्हणून पांढरी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवर न्यावी. वायर थोडी जास्त लागते, एवढंच.

पण मोठा करंट कंट्रोलरच्या या पांढरीतून जातच नाही. तो निळीतून मागे जातो, चार चुंबकांतून फिरतो आणि ट्रेलरच्या पांढऱ्या वायरने, प्लगमधून, ट्रकच्या चेसिसमार्गे बॅटरीकडे परततो. म्हणून मागच्या सॉकेटची अर्थ वायरही तितकीच जाड आणि तितकीच स्वच्छ हवी. गंजलेला पत्रा चकचकीत घासून, थिंबल नीट दाबून, बोल्ट कसून, वरून ग्रीस.

याचा हिशेब मांडून बघू. एक चुंबक १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध ४ ओहम. असे चार समांतर जोडले की एकूण १ ओहम. आता जाण्यायेण्याची मिळून ५० फूट वायर लागते असं धरू. १६ गेजच्या वायरचा रोध हजार फुटांना साधारण ४ ओहम, म्हणजे ५० फुटांना ०.२. एकूण झाले १.२ ओहम, आणि करंट १२ ऐवजी १० अँपिअर. तेच १० गेजची वायर घातली तर रोध ०.०५, करंट ११.४. (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे सुरुवातीला सगळ्यांनाच उलटं वाटतं.) आता गंजलेल्या अर्थमध्ये अर्धा ओहम रोध आहे असं समजा. करंट उरला ८ अँपिअर, आणि चुंबकाची पकड करंटवरच अवलंबून. घरातल्या वायरिंगमध्ये अर्ध्या ओहमकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, कारण तिथे २३० व्होल्ट असतात. १२ व्होल्टवर तोच अर्धा ओहम एक तृतीयांश ब्रेक खातो. महागातला कंट्रोलर घेऊन त्याला सुतळीएवढी वायर लावणारे बघितले की हा हिशेब कागदावर करून द्यावासा वाटतो.

आता लाल. ब्रेकचं पेडल दाबलं गेलं, ही खबर कंट्रोलरला हिच्यातून मिळते. ती कुठून घ्यायची, यात जुन्या पिकअपचा खरा कस लागतो. आपल्याकडच्या गाड्यांना मागे पिवळा इंडिकेटर आणि लाल ब्रेक लाइट वेगवेगळे असतात. या पिकअपमध्ये, आणि तिच्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत, दोन्ही कामं एकच लाल बल्ब करतो. ब्रेकला स्थिर पेटतो, वळताना लुकलुकतो. म्हणून मागच्या दिव्याच्या वायरीतून खबर घेतली तर प्रत्येक डाव्या वळणावर इंडिकेटरच्या तालात ट्रेलरचे ब्रेक ठोके देऊ लागतात. खबर घ्यायची ती दिवे एकत्र होण्याआधीच्या जागेवरून, म्हणजे पेडलजवळच्या स्विचवरून.

त्या स्विचवरही एकच वायर नसते. क्रूझ कंट्रोलची असते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लचची असते, आणि ब्रेक लाइटच्या दोन असतात: एकीत कायम वीज, दुसरीत फक्त पेडल दाबल्यावर. आपल्याला दुसरी हवी. शेवरोलेच्या या पिढीत कायम विजेची वायर नारिंगी आणि पेडल दाबल्यावरची पांढरी. हो, पांढरी! आणि आपल्या हातात कंट्रोलरची पांढरी वायर, जी अर्थ आहे. रंगाला रंग जोडला की पेडलवर पाय पडताच ब्रेक लाइटची वीज थेट अर्थ होते, फ्यूज जातो आणि ट्रकचे स्वतःचे ब्रेक लाइटही बंद. मागून येणाऱ्याला आपण थांबतोय हे दिसतच नाही. म्हणून टेस्ट लॅम्प हातात घ्यावा, टोक वायरीला लावावं, पेडल दाबून-सोडून पाहावं. दिवा पेडलबरोबर लागला आणि पेडलबरोबरच विझला, तर ती वायर आपली. कंट्रोलरची लाल तिथे जोडायची, आणि तीही झटपट चावून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपने नव्हे. ती क्लिप वायरीच्या तारा अर्धवट कापते, आणि अशा जागी पुढे कार्बन धरतो. वायर सोलून, सोल्डर करून किंवा चांगला क्रिंप दाबून, वर आकसणारी नळी चढवावी.

एवढं करूनही धोक्याचे चारी दिवे लावले की काही जुन्या गाड्यांत कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो. इंडिकेटरच्या स्विचमधून वीज उलटी फिरून ब्रेकच्या वायरीत येते, हे कारण. वायरिंग चुकलेलं नसतं. त्यासाठी वेगळा छोटा भाग मिळतो.

लाल वायर उलट दिशेनेही काम करते. कंट्रोलरवर हाताने दाबायची एक पट्टी असते. तिने पेडलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. तेव्हा कंट्रोलर लाल वायरीतून वीज परत पाठवून ब्रेक लाइट पेटवतो. या पट्टीकडे पुन्हा येऊ.

निळी चेसिसच्या कडेने मागच्या सात टोकांच्या सॉकेटपर्यंत जाते. सायलेन्सरपासून लांब, दर फूट-दीड फुटावर बांधलेली, वर नळी चढवलेली. सॉकेटमध्ये बाकीच्या वायरी असतात: दिव्याच्या तीन, रिव्हर्सची एक, अर्थ, आणि ट्रेलरवरची बॅटरी चार्ज करणारी एक. जुन्या ट्रकवर बहुधा चारच टोकांचं सॉकेट असतं, नुसत्या दिव्यांचं. तेव्हा ही चार्जिंगची वायरही नव्याने, वेगळ्या ब्रेकरसकट ओढावी लागते. रंगांची दुसरी फसगत इथे होते. ट्रकच्या बाजूला तपकिरी वायर मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची, हिरवी उजव्या. पण चाकांवरच्या घरांच्या कारखान्यांत रूढ असलेल्या पद्धतीत हिरवी मागच्या दिव्यांची, लाल डाव्या वळणाची आणि तपकिरी उजव्या. निळी आणि पांढरी मात्र दोन्हीकडे सारखीच, हे नशीब. प्लग उघडायची वेळ आली तर रंग बाजूला ठेवून टोकाची जागा बघायची आणि टेस्ट लॅम्पने खात्री करायची.

चार्जिंगच्या वायरीला कमी लेखू नये. ट्रेलर हुकातून निसटला तर एक दोरी ताणली जाऊन पिन उपटली जाते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीने त्याचे ब्रेक आपोआप लागतात. व्यावसायिक वाहनांच्या केंद्रीय नियमांत हे ब्रेक किमान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं म्हटलं आहे. बॅटरी मेलेली असेल तर पिन उपटून काय होणार?

जोडणी झाली की गाडी उभी असतानाच परीक्षा घेता येते. एकाने हाताची पट्टी दाबायची, दुसऱ्याने ट्रेलरच्या चाकाशी कान न्यायचा. आजचे कंट्रोलर करंट अखंड न सोडता वेगाने चालू-बंद करत सोडतात, त्यामुळे चुंबक बारीक गुणगुणतात. चारही चाकांशी ती गुणगुण ऐकू आली पाहिजे. आकड्यांवर भरवसा असणाऱ्यांनी निळीच्या मध्ये अँमीटर लावावा: पूर्ण दाबावर १२ च्या आसपास दिसलं तर छान, ६ दिसलं तर दोन चाकं गैरहजर.

मग रस्ता. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी २५ मैलांनी, म्हणजे ४० किलोमीटरने जात हाताची पट्टी पूर्ण दाबायची. ट्रेलरची चाकं जाम होऊन घसटली तर करंट कमी करायचा, ट्रेलर नुसता मागे लोंबकळला तर वाढवायचा. चाकं जाम व्हायच्या जरा अलीकडे थांबायचं. ट्रेलर रिकामा की भरलेला, त्यावर हा आकडा बदलतो, म्हणून एकदा लावला आणि विसरलो असं चालत नाही. ब्रेकशू नवे असतील तर आधी ते ड्रमशी जुळवून घ्यावे लागतात: चाळीस मैलांवरून वीसवर, असं वीस-तीस वेळा, मधे थंड होऊ देत.

आणि ती पट्टी. लांब उतारावर किंवा बाजूने मोठा ट्रक सुसाट गेल्यावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. घाबरून पेडल दाबलं की ट्रक पुढे आवळला जातो, ट्रेलर मागून ढकलतो आणि हेलकावा वाढतो. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरून, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. मागून ताण बसला की दोघे पुन्हा एका रेषेत येतात. म्हणून ती पट्टी न बघता बोटाला सापडली पाहिजे, आणि डबा डॅशखाली कुठे बसवायचा हे स्क्रू मारण्याआधी सीटवर नीट बसून ठरवायचं.

पहिल्या लांब प्रवासात मधल्या थांब्यावर खाली उतरून ट्रेलरच्या चारही हबांजवळ हात न्यावा, टेकवू नये. चारही सारखेच उबदार लागले तर कॉफी प्यायला जायला हरकत नाही. एखादा बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर त्याचे शू अडकताहेत. एखादा थंडच असेल तर कंट्रोलरच्या वाटेला जाऊ नये. त्या चाकाच्या चुंबकाकडे जाणारी वायर पुष्कळ ट्रेलरांत अॅक्सलच्या पोकळ नळीतून गेलेली असते, आणि तिथेच ती घासून तुटते.